करार तुमचा, घर दुसऱ्याचं

(वाचकांचे प्रश्न, वकीलकाकूंची उत्तरं)

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात जवळजवळ एकच विषय आहे: घरांचं ‘होलसेलिंग’. ज्यांच्या कानावर हा प्रकार अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. घर विकायची घाई असलेला मालक शोधायचा, त्याच्याशी कमी भावात खरेदीचा करार करायचा, थोडे अर्नेस्ट मनीचे, म्हणजे विसाराचे, पैसे भरायचे आणि क्लोजिंगची, म्हणजे घर नावावर करून घ्यायची, तारीख यायच्या आत तोच करार तिसऱ्या माणसाला चढ्या भावाने वर्ग करून द्यायचा. तिसरा माणूस बहुधा घरं दुरुस्त करून विकणारा असतो. मधला फरक आपल्या खिशात, आणि घर एक दिवसही आपल्या नावावर आलेलं नाही.

नेहमीची सूचना पुन्हा: माझी वकिली इलिनॉयमधली. इतर राज्यांचं मी सांगते ते तिथल्या कायद्यात काय लिहिलंय तेवढंच. सही करायच्या आधी तिथला वकील गाठा.

काकू, नमस्कार. मी नेपरव्हिलला राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-१बी व्हिसावर. शनिवार-रविवारच्या एका सेमिनारला ३,००० डॉलर भरले. तिथे शिकवलं की ‘तुम्ही घर विकत नाही, करार विकता, म्हणून लायसन्स लागत नाही.’ त्याप्रमाणे शिकागोत चॅथम भागात एका आजींच्या विटांच्या बंगल्याचा १,४०,००० डॉलरला करार केला. करारात माझ्या नावापुढे ‘किंवा ते नेमतील ती व्यक्ती’ असं आहे. फेसबुकवर घराचे फोटो टाकले, तर एक जण १,५८,००० द्यायला तयार झाला. दुसऱ्या एका घराचीही बोलणी चालू आहेत. आता ऑफिसमधला मित्र म्हणतो हे बेकायदा आहे. सेमिनारवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर म्हणतात, एलएलसी (स्वतःची छोटी कंपनी) काढ, मग काही होत नाही. खरं काय?

तुम्हाला अर्धं खरं शिकवलंय, आणि ते अर्धंही २०१९च्या आधीचं.

खरं असलेलं आधी सांगते. खरेदीच्या करारातून तुम्हाला जो हक्क मिळतो तो दुसऱ्याला वर्ग करता येतो. करारातच ‘वर्ग करता येणार नाही’ असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. हे काही कुणी शोधून काढलेली चोरवाट नाही, करारांच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. मोठमोठ्या कंपन्या इमारतींचे करार असेच आपल्या दुसऱ्या कंपनीला वर्ग करतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मेख पुढे आहे. दुसऱ्याचं घर विकून द्यायचं आणि त्याबद्दल पैसे घ्यायचे, हे ब्रोकरचं काम. त्याला लायसन्स लागतं. होलसेलर म्हणतो, ‘मी ब्रोकर नाही, मी करारातला पक्ष आहे.’ कागदावर ते बरोबरही असतं. पण जो माणूस महिन्याला चार करार करतो, एकही घर घेत नाही आणि चारही पुढे सरकवतो, तो नेमकं काय काम करतोय? इलिनॉयच्या विधिमंडळाने २०१९मध्ये या प्रश्नाचं उत्तर कायद्यातच लिहून टाकलं. ब्रोकरच्या व्याख्येत आता घरांच्या करारांची, वर्ग करता येणारे करार धरून, नेमाने उलाढाल करणाराही येतो. नेमाने म्हणजे किती? १२ महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा. ती उलाढाल माणसाने केली काय आणि कंपनीने केली काय, मोजणी तीच. तेव्हा एलएलसीचा सल्ला तुम्ही त्या ग्रुपलाच परत करा. लायसन्सशिवाय ब्रोकरचं काम केल्याचा दंड एका गुन्ह्याला २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तुमचा चॅथमचा फायदा १८,०००.

म्हणजे चॅथमचा बंगला तुमचा वर्षातला पहिलाच व्यवहार असेल, तर तो या व्याख्येच्या अलीकडे राहतो. दुसऱ्या घराची बोलणी आजच थांबवा.

पहिल्या व्यवहारातही मला फोटो खटकतात. तुम्ही फेसबुकवर काय लिहिलंत ते पत्रासोबत पाठवलं आहे: ‘तीन बेडरूम, विटांचा बंगला, नवं छप्पर, फक्त कॅश.’ यात करार कुठे आहे? ही घराची जाहिरात झाली, आणि घर आजींचं आहे. तुमच्याकडे विकण्यासारखं एवढंच आहे: अमुक तारखेपर्यंत अमुक किमतीला ते घर घेण्याचा हक्क. तेच आणि तेवढंच लिहायला हवं होतं. आजींचं स्वयंपाकघर फोटोत दाखवण्याची काही गरज नव्हती. ती जाहिरात आधी काढा.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न, आणि माझ्या मते तुमच्यासाठी तोच सगळ्यात मोठा आहे. एच-१बीवर तुमच्यासाठी ज्या कंपनीने अर्ज केला तिच्याकडेच काम करता येतं. घर विकत घेऊन भाड्याने देणं ही गुंतवणूक म्हणून सहसा चालून जातं. पण मालक शोधा, त्यांना पत्रं टाका, करार करा, गिऱ्हाईक आणा, फी घ्या, ही गुंतवणूक नव्हे, हा धंदा आहे. परवानगीशिवाय केलेलं काम ग्रीन कार्डाच्या वेळी आडवं येतं, आणि तिथे १८,००० डॉलरचा हिशेब कुणी विचारात घेत नाही. इमिग्रेशन माझा प्रांत नाही. तरी त्या क्षेत्रातल्या वकिलाकडे जाण्यापूर्वी या व्यवहाराचा एक डॉलरही घेऊ नका, एवढं मी बजावून सांगते. सेमिनारच्या दोन दिवसांत यावर कुणी चकार शब्द काढला नाही याचं मला नवल वाटत नाही.

काही जण विचारतील, की मग डबल क्लोजिंग का करू नये? म्हणजे आजींकडून घर खरंच आपल्या नावावर घ्यायचं आणि त्याच दिवशी दुपारी पुढे विकायचं. मालक म्हणून स्वतःचं घर विकायला लायसन्स लागत नाही, हे खरं. पण त्यासाठी सकाळी १,४०,००० डॉलर हातात हवेत. काही तासांसाठी तेवढे पैसे देणारे सावकार आहेत, फी घेतात. मालकीचे कागद तपासून व्यवहार पुरा करणारी टायटल कंपनी या प्रकाराला तयार हवी, आणि सगळ्याच नसतात. शिवाय शिकागोत ट्रान्सफर टॅक्स, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर होताना द्यायचा कर, दोनदा बसतो. शहराचा खरेदीदाराकडून दर ५०० डॉलरला ३.७५, विकणाऱ्याकडून १.५०, त्यावर राज्याचे ५० सेंट आणि काउंटीचे २५ सेंट. तुमच्या आकड्यांवर हिशेब केला. सकाळी घेणारे म्हणून १,०५० डॉलर, दुपारी विकणारे म्हणून ७११ डॉलर, म्हणजे १,७६१ डॉलर नुसत्या करात. आणि घर नावावर यायच्या आधीच त्याची जाहिरात केली असेल, तर तो प्रश्न तसाच उरतो.

तुमचा करारही मी वाचला. त्यात ‘पाहणीत समाधान न झाल्यास’ ३० दिवसांपर्यंत अंग काढून घेण्याची मुभा तुम्हाला आहे. आजींना तशी काहीच नाही. शिकागोकडच्या नेहमीच्या छापील करारात वकिलाच्या तपासणीसाठी कामाचे पाच दिवस दोन्ही बाजूंना असतात. तुमच्या फॉर्ममधून ते कलमच गायब आहे. उद्या गिऱ्हाईक मिळालं नाही आणि तुम्ही पाहणीचं निमित्त करून बाहेर पडलात, तर आजींचा वकील कोर्टात एकच गोष्ट विचारेल: सही करताना याच्याकडे घर घ्यायचे पैसे होते का, आणि घ्यायचा विचार तरी होता का? याचं उत्तर ‘नाही’ असेल आणि आजींना ते सांगितलेलं नसेल, तर लायसन्सचा विषय बाजूलाच राहिला, फसवणुकीचा सुरू झाला.

या शहरात असल्या व्यवहारांकडे लोक संशयाने का बघतात, तेही माहीत असू द्या. १९५० आणि ६०च्या दशकांत इथल्या काळ्या कुटुंबांना बँका घरासाठी कर्ज देत नसत. सरकारी हमीची योजनाच त्यांच्या वस्त्यांवर फुली मारून बसली होती. मग मधले लोक आले. गोऱ्या मालकांना भीती घालून घरं स्वस्तात घ्यायची आणि काळ्या कुटुंबांना हप्त्याच्या करारावर भरमसाठ भावात द्यायची. मालकी शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मधल्याकडेच. एक हप्ता चुकला की घर गेलं आणि भरलेले पैसेही गेले. नॉर्थ लॉन्डेलमध्ये १९६८ साली या लोकांनी ‘कॉन्ट्रॅक्ट बायर्स लीग’ काढली, हप्ते रोखून धरले, कोर्टात गेले. तुमचा व्यवहार त्या जातीचा आहे असं मी म्हणत नाही. पण चॅथमच्या आजींचं वय तुम्ही ८१ लिहिलंय. त्यांना हे सगळं वाचून कळलेलं नसेल, आठवत असेल.

तेव्हा करायचं काय? इमिग्रेशनच्या वकिलाने हिरवा कंदील दिलाच, तर आजींना लेखी कळवा की तुम्ही करार वर्ग करणार आहात आणि त्यातून तुम्हाला पैसे मिळणार आहेत. त्यांना त्यांचा वकील करू द्या. वर्ग करण्याची फी क्लोजिंगच्या हिशेबाच्या कागदावर उघड येऊ द्या. आणि इमिग्रेशनचा वकील नको म्हणाला, तर आजींशी बोलून दोघांच्या सहीने करार रद्द करा आणि अर्नेस्ट मनीवर पाणी सोडा. या धंद्याची खरंच आवड असेल तर व्हिसाचा प्रश्न सुटल्यावर लायसन्स काढा. इलिनॉयमध्ये ७५ तासांचा अभ्यासक्रम आहे आणि एक परीक्षा. तुम्ही इंजिनिअरिंगच्या आठ सेमिस्टर काढल्या आहेत.

काकू, माझी पत्नी एच-४ ईएडीवर (माझ्या व्हिसामुळे तिला मिळालेल्या कामाच्या परवान्यावर) आहे, आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोला असतो. टेक्ससमध्ये होलसेलिंगला पूर्ण मोकळीक आहे असं ऐकतो. तिने सुरू करावं का?

पूर्ण मोकळीक नाही, पण वाट आहे. २०१७पासून टेक्ससच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय: करारातला तुमचा हक्क तुम्ही लायसन्सशिवाय विकू शकता, मात्र घेणाऱ्याला सांगावं लागेल की तुमच्याकडे घराची मालकी नाही, फक्त खरेदीचा हक्क आहे. ते लपवलं की तुम्ही लायसन्सशिवाय ब्रोकरी केली असं धरलं जातं. म्हणजे तिथली सगळी भिस्त उघड बोलण्यावर आहे. मी पत्नीला एवढंच सुचवेन की विकणाऱ्या मालकालाही तितक्याच स्पष्टपणे, सहीच्या आधी, लेखी सांगावं. ईएडीमुळे त्यांना काम करता येतं. ईएडीची मुदत संपली की येत नाही, ती तारीख फ्रिजवर लावून ठेवा.

आणि टेक्ससमध्ये शिकलेलं गाडीत घालून शेजारच्या राज्यात नेऊ नका. ओक्लाहोमाने २०२१मध्ये कायदा केला आणि करारातल्या हक्काची जाहीर विक्री करणाऱ्याला लायसन्स लावलं. दक्षिण कॅरोलिनाने मे २०२४मध्ये, मालकी नसताना दुसऱ्याच्या घराची जाहिरात करण्याला आळा घातला. नुसता करार वर्ग करणं मात्र त्यातून वगळलं. ऑरेगनमध्ये जुलै २०२५पासून होलसेलरला नोंदणी करावी लागते. दर वर्षी एखाद-दोन राज्यं या रांगेत येऊन उभी राहतात, त्यामुळे यूट्यूबवरचा व्हिडिओ कोणत्या सालचा आहे ते बघत जा.

वकीलबाई, मी ७६ वर्षांचा आहे. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, चेस्टर काउंटीत राहतो. सौ. गेल्यावर एवढं घर झेपेना, मुलाकडे जायचं ठरवलं. ‘आम्ही घरं रोखीने घेतो’ अशा पत्रावरून एका मुलाला बोलावलं. वागायला फार चांगला, वाकून नमस्कारही केला. ३,१०,००० डॉलरला सही केली. काल शेजाऱ्याने दाखवलं, माझंच घर इंटरनेटवर ३,६५,००० ला लावलं आहे. सही करून १८ दिवस झाले. माझ्या मुलाला सांगायचा धीर होत नाही. आता काही करता येईल का?

तुमचं पत्र अंकात छापून येईपर्यंत तुमची मुदत टळून गेली असती, म्हणून मी तुम्हाला फोन केला आणि तिथल्या एका वकिलाशी गाठ घालून दिली. इथे छापते आहे ते तुमच्यासारख्या इतरांसाठी, तुमच्या परवानगीने.

पेनसिल्व्हेनियात ४ जानेवारी २०२५पासून नवा कायदा लागू आहे. राहत्या घरांचं होलसेलिंग करणाऱ्याला लायसन्स हवं. आणि मालकाला करारावर सही केल्यापासून ३० दिवसांपर्यंत, किंवा त्याआधी घर नावावर होईपर्यंत, करार रद्द करता येतो. कारण सांगावं लागत नाही. ‘मला भाव कमी मिळाला’ हे सिद्ध करत बसावं लागत नाही. फिलाडेल्फिया शहराने तर त्याच्या आधीच होलसेलरसाठी वेगळं लायसन्स काढलं होतं, पण तुमचं घर शहराच्या हद्दीबाहेर आहे.

रद्द करायचं ते लेखी. तारीख घाला, घराचा पत्ता घाला, ‘मी हा करार रद्द करत आहे’ एवढं एक वाक्य पुरे. सर्टिफाइड मेलने पाठवा, ईमेलही करा, दोन्हीची पावती जपा. फोनवर बोलू नका. फोनवर तो मुलगा पुन्हा तितकाच चांगला वागेल आणि ‘काका, फक्त तारीख बदलायची आहे’ म्हणून दुसरा कागद पुढे करेल. त्यावर सही नको.

दुसरं एक काम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे जाऊन, किंवा आपल्या मुलाला सांगून ऑनलाइन, आपल्या घराच्या नावे काही नोंदवलंय का ते पाहायचं. काही होलसेलर कराराचा एक पानी सारांश तिथे नोंदवून ठेवतात. करार रद्द झाला तरी ती नोंद बसून राहते, आणि खऱ्या गिऱ्हाइकाची टायटल कंपनी नेमकी तिच्यावर अडते. तशी नोंद असेल तर रद्द करण्याच्या पत्रातच ती काढून टाकण्याची मागणी करा. ऐकलं नाही तर कोर्टातून काढता येते, वेळ आणि पैसा लागतो.

तुमच्या मुलाला सांगा. तुमच्यापेक्षा तरणे, शिकलेले, स्वतः वकील असलेले लोकही असल्या कागदांवर सह्या करून माझ्याकडे आलेले आहेत. आणि त्या होलसेलर मुलाने तुम्हाला नमस्कार केला याचा राग येऊ देऊ नका. सेमिनारमध्ये तेही शिकवत असतील.

काकू, मी ऑरोरात असतो, अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं) आहे. साताऱ्याचा चुलतभाऊ म्हणतो, शिरवळजवळ हायवेला लागून शेतजमीन आहे, तुझ्या नावाने साठेखत (विक्रीचा करार) करून ठेवू, सहा महिन्यांत कंपनीवाला नाहीतर प्लॉटिंगवाला गाठून पुढे देऊ. खरेदीखत थेट त्याच्या नावाने, आपण फक्त ‘मान्यता देणार’. हे तिकडे सर्रास चालतं म्हणे. कायदेशीर आहे का?

चालतं खरं. मी सांगलीत वकिली सुरू केली तेव्हाही चालायचं. लिहून देणार मूळ मालक, लिहून घेणार शेवटचा खरेदीदार, आणि मध्ये ‘मान्यता देणार’ म्हणून साठेखतवाला. त्याला त्याचा फरक मिळतो आणि तो आपला हक्क सोडल्याचं लिहून देतो. बिगरशेती प्लॉट असेल, साठेखत नोंदवलेलं असेल, त्यावर योग्य तो मुद्रांक भरलेला असेल आणि पैसे चेकने फिरले असतील, तर या रचनेत मुळात बेकायदा काही नाही. चेंबरमध्ये बसून हेच मी किती जणांना करून दिलं असेल.

पण तुमच्या बाबतीत पहिल्याच पायरीला अडतं. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय किंवा ओसीआय कार्डधारकाला भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते, ती गोष्ट वेगळी. जी जमीन घेताच येत नाही, ती घेण्याचा करार करून तो पुढे विकायचा, हे कोणत्या आधारावर?

चुलतभाऊ म्हणेल, मग माझ्या नावाने करू. त्याला विचारा, सातबारावर त्याचं नाव कुठे आहे का. महाराष्ट्राच्या १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला शेतजमिनीची विक्री कलेक्टरच्या परवानगीशिवाय अवैध ठरवतं, आणि लोक विसरतात ते असं की नुसती विक्रीच नव्हे, विक्रीचा लेखी करारसुद्धा. तो शेतकरी असेल तर ही अडचण नाही. मग त्या जमिनीच्या सातबाराचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. तिथे ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ किंवा वर भोगवटादार वर्ग २ दिसलं, तर आधी परवानगी, मग बाकीचं. हायवेलगतच्या स्वस्त जमिनीच्या स्वस्ताईचं कारण पुष्कळदा याच रकान्यात सापडतं.

समजा सगळं साफ आहे. तरी साठेखताने जमीन तुमची होत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५४ १८८२पासून सांगतंय की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. अमेरिकेतला होलसेलर ‘माझा घरात न्याय्य हितसंबंध आहे’ म्हणतो, तो आधार तिकडे नाही. मालक फिरला तर करार पुरा करून घेण्याचा दावा लावावा लागतो, तीन वर्षांच्या आत, आणि त्यात सिद्ध करावं लागतं की तुम्ही पहिल्या दिवसापासून पूर्ण किंमत देऊन खरेदी करायला तयार आणि इच्छुक होता. ज्याने विसारापुरतेच पैसे जमवले होते आणि बाकीचे पुढच्या गिऱ्हाइकाकडून येणार होते, त्याची उलटतपासणी घ्यायला मला फार आवडायचं.

साठेखताबरोबर कुलमुखत्यारपत्र करून घेतलं म्हणजे काम भागलं, असंही भाऊ म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११मध्ये ‘सूरज लॅम्प’च्या निकालात सांगितलं की साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोरावर मालकी जात नाही. मुखत्यारपत्र देणारा वारला की बहुधा तेही संपतं, आणि मग दाराशी वारस उभे राहतात, त्यातली एक बहीण हटकून पुण्याला असते आणि तिने सही केलेली नसते.

विसार रोखीत देऊ नका. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्यावर रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसतो, २०१५पासून. शिरवळला हे ठाऊक नाही असं नाही.

भावाचा विचार फ्लॅटकडे वळला तर तेवढ्यापुरतं सांगते: बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पातल्या फ्लॅटची दलाली करायला महारेराची (राज्याच्या बांधकाम प्रकल्पांवरच्या नियामकाची) एजंट म्हणून नोंदणी लागते, आणि आता परीक्षाही द्यावी लागते. स्वतः बुकिंग करून, करार नोंदवून, मुद्रांक भरून मग तो फ्लॅट पुढे विकणारा मात्र दलाल नव्हे. त्याच्यासाठी महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातच भरलेल्या मुद्रांकाची वजावट ठेवलेली आहे, आणि तिची मुदत २०२२मध्ये एका वर्षावरून तीन वर्षांवर नेली.

काकू, परवा रविवारी हॉटेलातल्या सेमिनारमध्ये भावनेच्या भरात कार्ड स्वाइप केलं. घरी आल्यावर बायकोने आणि नंतर तुमच्या मागच्या लेखाने डोळे उघडले. पैसे परत मिळतात का?

हे पत्र ईमेलने आलं म्हणून वेळेत उत्तर देता आलं. फेडरल ट्रेड कमिशनचा ‘कूलिंग ऑफ’ नियम आहे. विकणाऱ्याच्या कायमच्या जागेऐवजी हॉटेल, हॉल अशा तात्पुरत्या ठिकाणी १३० डॉलर किंवा त्यावरची विक्री झाली, तर तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ती रद्द करता येते. त्यात शिकवणीचे वर्गही येतात, कशासाठी का शिकत असेना. या नियमात शनिवार कामाचा धरतात. रविवार आणि केंद्र सरकारच्या सुट्ट्या धरत नाहीत. तुम्ही रविवारी स्वाइप केलंत, म्हणजे बुधवारी रात्री बारापर्यंत. विकणाऱ्याने तुम्हाला रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायला हव्या होत्या. दिल्या नसतील तर साध्या कागदावर लिहा, सही-तारीख घाला आणि पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने पाठवा. पोस्टाचा शिक्का बुधवारचा किंवा आधीचा हवा, गुरुवारचा चालणार नाही.